ओपनकॉस्ट : वाटणी चोख, बिलाशी ताळा मात्र आपणच घालायचा

अनेक सर्व्हरवर मिळून ॲप्लिकेशन्स चालवणाऱ्या कुबरनेटिस क्लस्टरचा खर्च कोणत्या टीमच्या नावावर किती टाकायचा, हे ज्यांना दर महिन्याला ठरवावे लागते, त्यांना ओपनकॉस्ट हे मुक्तस्रोत साधन मी निःसंकोच सुचवेन. मात्र त्यात दिसणारी रक्कम हा अंदाज आहे, बिल नव्हे, हे पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावे.

२०२२ मध्ये क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशन या मुक्तस्रोत प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेकडे आलेल्या या साधनाची वाटणीची पद्धत मला रास्त वाटते. पॉडने (क्लस्टरवर चालणाऱ्या कामाच्या एककाने) मागितलेली आणि प्रत्यक्ष वापरलेली क्षमता यांपैकी जी जास्त, तिचे पैसे त्या पॉडवर लागतात. दोन कोअर अडवून अर्धाच वापरणाऱ्याला दोन्ही कोअरचा खर्च उचलावा लागतो, आणि ते योग्यच आहे, कारण अडवलेली जागा इतर कोणाच्या कामी येत नाही. नोडवर (क्लस्टरमधील एका सर्व्हरवर) उरलेली क्षमता ‘आयडल’ म्हणून वेगळी दाखवली जाते. ती कोणाच्या माथी मारायची, हे संस्थेने आधीच ठरवून घ्यावे.

फरक पडतो तो दरांमुळे. मुळात ओपनकॉस्ट जाहीर ऑन-डिमांड (विनाकरार, वापराप्रमाणे लागणारे) दर धरते, तर प्रत्यक्ष बिलात सेव्हिंग्ज प्लॅन व रिझर्व्ह्ड इन्स्टन्स (वापराची आधीच हमी देऊन मिळणारे स्वस्त दर) आणि वाटाघाटीतून मिळालेली सवलत असते. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या तपशीलवार खर्च अहवालातील ओळी नोडच्या इन्स्टन्स आयडीवरून (भाड्याच्या सर्व्हरच्या ओळख क्रमांकावरून) जुळवता येतात, पण तिथे एक मोठा चकवा आहे. सेव्हिंग्ज प्लॅनखाली आलेल्या वापराच्या ओळीत ‘अनब्लेंडेड’ रकाना ऑन-डिमांड दरच दाखवतो, आणि तो खोडून काढणारी वजा रक्कम वेगळ्या ओळीत असते. केवळ वापराच्या ओळींची बेरीज केली, तर अंदाज आणि ‘बिल’ अगदी तंतोतंत जुळतात आणि तो मेळ पूर्णपणे खोटा असतो. म्हणून अशा ओळींसाठी सेव्हिंग्ज प्लॅनचा ‘इफेक्टिव्ह कॉस्ट’ (सवलतीनंतरचा खर्च) हाच रकाना घ्यावा.

काही रकमा नोडच्या ओळींत सापडतच नाहीत. ईकेएस या ॲमेझॉनच्या कुबरनेटिस सेवेत कंट्रोल प्लेनचे (क्लस्टर नियंत्रित करणाऱ्या भागाचे) नेहमीचे शुल्क तासाला ०.१० डॉलर आहे, आणि क्लस्टरची आवृत्ती जुनी होऊन एक्स्टेंडेड सपोर्टमध्ये गेली की तेच ०.६० डॉलर होते. फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही-४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर पडतात. शिवाय झोनबाहेर (एका डेटा सेंटर गटाबाहेर) जाणाऱ्या डेटाचा खर्च असतो, आणि भारतातील बिलावर १८ टक्के जीएसटी. हा कर अंदाजात धरलेला नसतो. त्यामुळे तुलना नेहमी करपूर्व रकमेशीच करावी.

बिलाशी आपोआप मेळ घालणारे साधन हवे असेल, तर त्याच घराण्यातील कुबकॉस्टमध्ये ती सोय आहे. ते २०२४ मध्ये आयबीएमने विकत घेतले. तिथेही ताजे आकडे आधी अंदाजी असतात आणि बिलाचा तपशील आल्यावर, साधारण दोन दिवसांत, दुरुस्त होतात. लहान चमूने ओपनकॉस्टमधून फक्त टीमनिहाय प्रमाण घ्यावे आणि ते महिनाअखेरच्या पक्क्या बिलाला लावावे.