निगेटिव्हवाली परीक्षा की बिननिगेटिव्हची?

पदवी झाली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडची आपली मुलं एकाच वेळी दोन दिशांना फॉर्म भरतात. एक रेल्वेचा, दुसरा महाराष्ट्रातल्या तलाठी नाहीतर पोलीस भरतीचा. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला जोडून तिकडे बसता येतं, हे ठाऊकच असेल. अभ्यासक्रम, पगार, जागा यांवर अभ्यासिकेत तासन्‌तास चर्चा होते. चुकीच्या उत्तराला गुण कापतात (म्हणजे निगेटिव्ह) की नाही, हे मात्र फॉर्म भरताना कुणी विचारत नाही. मी दोन्हीकडे बसलो आहे, आणि मला वाटतं आधी हेच बघावं.

आपल्या हाताला पहिली सवय लागते ती पीयूसीनंतरच्या, म्हणजे बारावीनंतरच्या, सीईटी या प्रवेश परीक्षेत. तिथे चुकीला दंड नाही, म्हणून उत्तरपत्रिकेतला एकही गोळा रिकामा सोडायचा नाही, असं सगळेच बजावतात. तीच सवय घेऊन मी रेल्वेच्या एनटीपीसीला, म्हणजे बिगर-तांत्रिक पदांच्या भरती परीक्षेला, बसलो. १०० प्रश्न, ९० मिनिटं, चुकीला एक तृतीयांश गुण वजा. शेवटच्या पाच मिनिटांत ३० प्रश्न न वाचताच क्लिक केले. उत्तरतालिका आल्यावर टिळकवाडीतल्या खोलीवर वहीत हिशेब मांडला. ६१ बरोबर, ३९ चूक. ३९ चुकांचे १३ गुण गेले, हातात ४८ राहिले. न वाचलेल्या तिसांतले ५ लागले होते, २५ चुकले होते. पाच कमावून आठच्या वर घालवले.

तेव्हा कळलं की किती कापतात एवढंच बघून भागत नाही, पर्याय किती आहेत तेही बघावं लागतं. रेल्वेत चार पर्याय आणि एक तृतीयांश दंड. बारा तुक्के मारले, म्हणजे अंदाजाने उत्तरं दिली, तर सरासरी तीन लागतात, नऊ चुकतात, हिशेब शून्यावर येतो. बँकेत पाव गुणच कापतात म्हणून मुलं खूश असतात, पण तिथे पर्याय पाच असतात. वीस तुक्क्यांत चार लागले, सोळा चुकले, पुन्हा शून्य. एमपीएससीत, म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत, चार पर्याय आणि पाव गुण, त्यामुळे सोळा तुक्क्यांमागे एक गुण पदरात पडतो. खरा फरक पडतो तो एखादा पर्याय खात्रीने खोडता आला की. रेल्वेतही मग तीनांतून निवडायचं असतं आणि नऊ प्रश्नांमागे एक गुण वर राहतो. दोन खोडता आले तर मागेपुढे न बघता उत्तर द्यावं.

बिननिगेटिव्हच्या परीक्षेत ही कटकट नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० प्रश्नांना २०० गुण होते आणि दंड नव्हता. डोकं शांत राहतं, पेपर मराठीत, हात भराभर चालतो. पण सगळेच सगळं भरतात. काठावरच्या दोघांपैकी एकाचे न वाचलेले चार लागतात, दुसऱ्याचे आठ, आणि अभ्यास सारखा असून एकाचं नाव यादीत येतं. वर्षभर राबलेल्याला हे फार लागतं.

तरी माझा निर्णय त्यावरून झाला नाही. मला नडली ती सवयीची ओढाताण. रेल्वेचा मार खाल्ल्यावर दोन वर्षं मी हात आवरायला शिकलो. शंका आली की पुढे जायचं. मग बिननिगेटिव्हच्या एका भरतीला बसलो आणि चौदा प्रश्न कोरे ठेवून बाहेर आलो. नियम माहीत होता, सूचनाही वाचली होती, पण हात थांबलाच. गेटवर मित्र म्हणाला, "अरे, रिकामं कशाला ठेवलास? भरायचं की!" प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा होता, नुसते डोळे मिटून भरले असते तरी सातेक गुण आले असते. त्या यादीत माझं नाव पाच गुणांनी हुकलं.

त्यानंतर मी एकच धरली, निगेटिव्हवाली. ज्यांचा वेग चांगला आहे आणि पोलीस भरतीतल्या मैदानी चाचणीचीही तयारी आहे त्यांना दुसरी बाजू सोयीची पडेल, नाही म्हणत नाही. पण ज्याला आपल्याला काय येत नाही हे नीट कळतं, त्याला दंडाची परीक्षा जास्त न्याय देते, असा माझा तरी अनुभव आहे. सरावात मी रफ पानावर प्रत्येक प्रश्नापुढे उरलेल्या पर्यायांचा आकडा लिहायचो, १, २, ३ नाहीतर ४. चार लिहिलेल्याला हात लावायचा नाही. तीन महिन्यांत कोरे प्रश्न तिसावरून बाराच्या आसपास आले आणि चुका निम्म्या झाल्या. आजची नोकरी त्याच वाटेने मिळाली.

यंदा निपाणीच्या मावसबहिणीने दोन्ही फॉर्म भरलेत. तिला एवढंच सांगितलं आहे की रेल्वेचा पेपर होईपर्यंत दुसऱ्याची टेस्ट सिरीज उघडू नकोस.