इमॅजिका की रायगड? पोरांसोबत एक दिवस

सुट्टी एकच आणि पोरं दोन वयाची असली की हा प्रश्न येतोच. खोपोलीजवळचं इमॅजिका थीम पार्क 2013 ला सुरू झालं, पुण्या-मुंबईहून एक्सप्रेसवेने सोपं पडतं, टॉयलेट, खाणं, सावली सगळं आत. पण तिकीट माणशी असल्याने चौघांचा खर्च दणकून होतो आणि नायट्रोसारख्या मोठ्या राईडला उंचीची अट असते, त्यामुळे धाकट्याला बाहेर थांबवताना त्याचं तोंड बघवत नाही. वीकेंडला रांगा लागतात ते वेगळंच.

रायगडाचं गणित वेगळं आहे. आजी-आजोबा सोबत असतील तर हिरकणीवाडीतून रोपवे घ्या, पाचेक मिनिटांत वर, पोरं दहा-बारा वर्षांची असतील तर मात्र पायऱ्यांनीच चढवा, पहाटे सुरुवात करा आणि पाणी भरपूर घ्या. वर गेल्यावर पोरांना एकदम इतिहास सांगत बसू नका. एकाला नगारखान्यापाशी उभं करा, दुसऱ्याला सिंहासनाच्या जागेजवळ, आणि हळू बोलायला सांगा. एवढ्या लांबून आवाज पोचतो म्हटल्यावर पुढचे प्रश्न तीच विचारतात, मग 1674 चा राज्याभिषेक इथेच झाला हे सांगायला मजा येते. जगदीश्वर मंदिराच्या पायरीवरचं, गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव पोरांनाच शोधू द्या! टकमक टोकावर हात सोडायचा नाही, वारा फार असतो.

माझं मत विचाराल तर हिवाळ्यात रायगड, मे महिन्यात इमॅजिकाचं वॉटर पार्क.