‘सेटिंगचा प्रॉब्लेम आहे सर’ म्हणत गळ्यात मारलेला डोव्हटेल जिग

डोव्हटेल जिग म्हणजे ड्रॉवरच्या फळ्या एकमेकींत अडकवणारा दातेरी सांधा राऊटरने, म्हणजे फिरत्या पात्याच्या हातयंत्राने, कापायचा साचा. तो विकणाऱ्या भामट्याचं एक बरं असतं. जिग कितीही चांगला असू द्या, पहिल्याच कापाला सांधा बसत नाही. बिट म्हणजे राऊटरचं पातं जरा वरखाली, फणी म्हणजे राऊटरला वाट दाखवणारी दातेरी पट्टी जरा मागेपुढे करावीच लागते. त्यामुळे माल खोटा निघाला तरी खापर बिनदिक्कत गिऱ्हाइकाच्या डोक्यावर फोडता येतं. माझ्याशी हाच खेळ झाला.

सागवानी ड्रॉवरसाठी मी ऑनलाइन १२ इंची जिग मागवला. ४,६०० रुपये, आगाऊ. वर्णनात ॲल्युमिनियमची फणी, ७/१६ इंची म्हणजे ११.१ मिमीचा गाईड बुश (राऊटरच्या तळाला बसणारी, फणीच्या दातांना टेकून फिरणारी कडी) आणि १४ अंशांचा अर्ध्या इंचाचा बिट, दांडा पाव इंची. खोक्यातून निघाली चंदेरी रंग मारलेली प्लास्टिकची फणी. बुश १० मिमीचा. बिटाचा दांडा ६ मिमी.

दांड्याबद्दल विचारलं तर व्हॉट्सॲपवर उत्तर आलं, ‘सेमच असतं सर, टाइट करा.’ सेम नसतं. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. त्या मापाच्या कॉलेटमध्ये, म्हणजे राऊटरच्या बिट पकडणाऱ्या तोंडात, ६ मिमीचा दांडा धड पकडलाच जात नाही. पान्याने करकचून आवळला, तरी काप संपेपर्यंत बिट मिलिमीटरभर खाली सरकलेला. दांड्यावर घासल्याची चकचकीत रेघ. मिनिटाला वीसएक हजार फेरे घेणारं पातं असं सरकणं म्हणजे जिवाशी खेळ. आणि या सांध्यात सगळी मदार बिटाच्या खोलीवर असते, त्यामुळे प्रत्येक काप वेगळा.

दुसऱ्या कंपनीचा बिट आणि बुश आणून लावले. तरी डावीकडे सांधा हातोडीने ठोकावा लागे आणि उजवीकडे त्यात कागद सरके. विक्रेत्याचा ‘टेक्निशियन’ रोज नवं काहीतरी सुचवायचा. आज डेप्थ वाढवा, उद्या कमी करा, परवा लाकूड बदला, सगळ्या बाजूंनी फोटो पाठवा. बोलणं इतकं गोड की शंका यायला जागाच नाही. माल परत करायची मुदत सात दिवसांची होती. ती संपली त्याच दिवशी मेसेज आला, ‘प्रॉडक्ट ओके आहे सर, सेटिंगचा प्रॉब्लेम आहे. १,२०० रुपये भरा, व्हिडिओ कॉलवर सेट करून देतो.’ मी भरले नाहीत. ओळखीच्या एका इंटिरियरवाल्याने त्याच जिगसाठी भरले. कॉलवर त्याला तेच ऐकवलं, डेप्थ वाढवा.

सेटिंगचा दोष आणि मालाचा दोष ओळखता येतो, आणि ते मुदत संपायच्या आत करायचं. समोरची फळी आडवी आणि बाजूची उभी धरून दोन्ही एकदम कापायच्या जिगमध्ये सांधा सगळीकडे सारखाच ढिला असेल तर बिट थोडा खाली घ्यायचा, सगळीकडे सारखाच घट्ट असेल तर वर. बाजूची फळी समोरच्या फळीत फार आत जाते किंवा बाहेर राहते, तर फणी मागेपुढे करायची. दोन्ही फळ्यांच्या कडा जुळत नाहीत, तर फळ्या ज्यांना टेकतात ते बाजूचे अडणे सरकवायचे. इथवर सगळं सेटिंग. पण एकाच फळीत एक दात घट्ट आणि पुढचा ढिला, तर आधी बिट सरकतोय का आणि फळ्या नीट आवळल्यात का ते बघायचं. ते ठीक असेल तर व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, काढा. माझ्या फणीत दोन दातांमधलं अंतर एका टोकाला २२.२ मिमी होतं, मध्यावर २१.६. हे कुठल्याही स्क्रूने सुधारत नाही. बुश मध्यावर बसलाय का हे बघायला राऊटर पाव फेरा फिरवून तीच खाच पुन्हा कापा. ती रुंदावली तर बुश एका बाजूला आहे. वर्णनापेक्षा बारीक बुश आला, तर खाच रुंद होते आणि सांधा ढिला पडतो, हेही ध्यानात असू द्या. चाचणी मात्र सरळ, रंधलेल्या लाकडावर घ्या. प्लायचे टवके उडतात आणि विक्रेत्याला आयतं निमित्त मिळतं.

मुदत संपली म्हणून हात टेकायचं कारण नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. ई-कॉमर्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. मी तिथे लेखी तक्रार केली, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर. सांधा बसत नाही हे रडगाणं तक्रारीत लिहिलंच नाही. वर्णनाचा स्क्रीनशॉट, प्लास्टिक दिसेल असा ओरखडा, दांड्यावर आणि दातांवर लावलेला व्हर्नियर, एवढेच फोटो जोडले. पैसे परत आले, पाठवणीचा खर्च वजा करून.

तोच जिग आता दुसऱ्या नावाने विकायला आहे, पाचशेने स्वस्त. व्हिडिओ तोच. नीट बघा, त्यात सांधा कापताना दिसणारी फणी जाड धातूची आहे, आणि खोक्यातून बाहेर काढताना दाखवलेली वेगळीच.