कास्ट आयर्न बुलेटचा बाजारी व्हॉल्व्ह किट: काय लावावं, काय खोक्यातच ठेवावं

दोन व्हॉल्व्ह, दोन गाईड (व्हॉल्व्हची दांडी ज्यांत सरकते त्या नळ्या), आतल्या-बाहेरच्या मिळून चार स्प्रिंगा आणि कॉलेटच्या (स्प्रिंगेला दांडीवर धरून ठेवणाऱ्या अर्ध्या पाचरींच्या) दोन जोड्या. बुलेट ३५० च्या जुन्या कास्ट आयर्न इंजिनसाठी हा किट पुण्याच्या नाना पेठेत मिळतो, तालुक्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानातही मिळतो. साधं खोकं, वर कुणाचं नाव नाही. निकाल आधीच सांगून टाकतो. व्हॉल्व्ह तपासून वापरण्याजोगे आहेत. गाईड रीमर (भोक मापाला आणणारं हत्यार) फिरवल्यावरच कामाचे. स्प्रिंगा मोजल्याशिवाय लावू नयेत. कॉलेट जुन्या धड असतील तर त्याच ठेवाव्यात. खोकं फोडून थेट हेडवर (सिलिंडरच्या वरच्या, व्हॉल्व्ह बसतात त्या भागावर) चढवायचा बेत असेल तर हा किट घेऊच नका. हेडच्या मशीनकामाला किटइतके, कधी त्याहून जास्त पैसे जातात, आणि इंजिन कसं चालणार ते त्या कामावर ठरतं.

पण मुळात दोष व्हॉल्व्हचाच आहे का? किक हलकी लागते म्हणून हेड उतरवणारे पुष्कळ. बुलेटवर सगळ्यात आधी डीकॉम्प्रेसरची (किक मारण्याआधी कॉम्प्रेशन सोडणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हची) केबल बघायची. केबलला ढील नसेल तर तो छोटा व्हॉल्व्ह केसभर उघडा राहतो आणि कॉम्प्रेशन तिथूनच निघून जातं. लक्षणं मात्र हुबेहूब जळालेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची. केबल सुटी करून किक मारून बघा. फरक पडला तर काम पाच मिनिटांचं. मग टॅपेटचं सेटिंग. पुशरॉड (कॅमचा धक्का वर व्हॉल्व्हकडे नेणारी सळई) बोटांनी फिरत नसेल तर व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, पूर्ण बसत नाही, आणि तसंच चालवत राहिलं तर खरोखरच जळतो.

त्यानंतर पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टीडीसीवर (सगळ्यात वरच्या जागी) आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा. गाडी गिअरमध्ये, मागच्या ब्रेकवर पाय, नाहीतर इंजिन फिरेल. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट, कार्बुरेटरमधून आली तर इनलेट, ब्रीदरच्या नळीतून आली तर रिंगा. हवा नसेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून किक मारा: कॉम्प्रेशन एकदम वाढलं तर रिंगा, तसंच राहिलं तर व्हॉल्व्ह. गेजच्या आकड्यावर फार जाऊ नये. जुन्या ३५० चं कॉम्प्रेशन मुळातच ५.५:१, नव्या गाड्यांच्या आकड्यांशी तुलना केली तर चांगलं इंजिनही मेलेलं वाटेल.

धुराचंही तेच. उतारावर थ्रॉटल बंद ठेवून खाली आलात आणि पुन्हा पिळल्यावर निळा धूर सुटला, तर इनलेट गाईड ढिला. चढावर जोर लावताना सतत धूर असेल तर रिंगा. आणि आठवडाभर उभ्या गाडीने सुरू होताना धुराचा लोट काढून नंतर गप्प बसणं, हे बहुतेक वेळा ऑइल पंपातून झिरपून क्रँकच्या बाजूला साचल्यामुळे होतं. त्याला गाईड बदलून काही होत नाही.

आता किटमधला एकेक नग. व्हॉल्व्हची दांडी मायक्रोमीटरने वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा. तिन्ही मापं ०.०१ मिमीच्या आत जुळायला हवीत. व्ही-ब्लॉकवर फिरवून फेसवर (सीटला टेकणाऱ्या तिरक्या कडेवर) डायल गेज लावा, काटा ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलला तर व्हॉल्व्ह परत करा, तो घासून सरळ होत नाही. दांडीच्या टोकावर बारीक कानस ओढून पाहा. कानस घसरली तर टोक कडक केलेलं आहे. चावली तर रॉकर (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा हात) ते टोक थोड्याच दिवसांत ठेचेल. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या डोक्याला चुंबक लावून पाहण्याची पद्धत आहे. चिकटला नाही तर ऑस्टेनिटिक (उष्णता सोसणारं) पोलाद, म्हणजे उत्तम. चिकटला म्हणून लगेच फेकायचं कारण नाही. जुन्या काळचे सिलिकॉन-क्रोम पोलादाचे व्हॉल्व्हही चुंबकाला चिकटतात आणि या मंद इंजिनात वर्षानुवर्षं चालतात. मात्र इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच साध्या पोलादाचे दिसत असतील तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वेगळा, चांगल्या नावाचा घ्या. तापतो तोच.

दांडीवरच्या कॉलेटच्या खाचेवर बारीक बर (धारदार कंगोरा) राहिलेली असते, ती ऑइलस्टोनने काढा. नाहीतर व्हॉल्व्ह आत सरकवतानाच नवा गाईड ओरबाडला जातो. हेच जुना व्हॉल्व्ह काढतानाही. ठेचून पसरलेलं टोक आधी कानसून मगच खाली ओढायचं. हातोडीने ठोकून काढलेल्या व्हॉल्व्हमुळे धड असलेला गाईडही बाद होतो.

किटची खरी परीक्षा गाईडवर होते. बुलेटचा सिलिंडर बिडाचा असला तरी हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, त्यामुळे गाईड थंड हेडमधून ठोकून काढायचा नाही. हेड ओव्हनमध्ये १५० अंश सेल्सिअसच्या आसपास सगळीकडून सारखं तापवा. गॅसची ज्योत एकाच जागी धरली तर हेड वाकतं. त्याआधी गाईडच्या पोर्टमध्ये डोकावणाऱ्या टोकावरचा कार्बन खरवडून साफ करा, नाहीतर तो हेडचं भोक खरवडत बाहेर येतो. पायरी काढलेला ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा) वापरा, आणि जुना गाईड किती बाहेर होता ते काढण्याआधीच मोजून ठेवा. नवा गाईड हेडच्या भोकापेक्षा साधारण ०.०४ ते ०.०५ मिमी जाड हवा. बाजारी गाईडमध्ये हे माप सगळ्यात जास्त हुकतं. हाताने दाबून आत गेला तर तो गाईड नव्हेच: पुढे तापलेल्या हेडमध्ये तो नाचेल, उष्णता हेडमध्ये जाणार नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळेल. अशा वेळी भोक मोजून लेथवर ओव्हरसाईझ गाईड बनवून घ्यावा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरसारख्या ठिकाणी हे रोजचं काम आहे. गाईडच्या बाहेरून पंचाने टोचे मारून तो 'जाड' करणारा मिस्त्री भेटला तर हेड उचलून घरी यावं.

गाईड बसला की त्याचं आतलं भोक थोडं आवळतं. म्हणून खोक्यात व्हॉल्व्ह छान सरकत होता या गोष्टीला अर्थ नाही. माप बसवल्यानंतर घ्यायचं. बिडाच्या गाईडला इनलेटला सुमारे ०.०५ मिमी आणि एक्झॉस्टला ०.०८ मिमीपर्यंत प्ले (मोकळी फट) ठेवावा. रीमर एकाच दिशेने फिरवत आत न्यायचा आणि त्याच दिशेने फिरवत बाहेर काढायचा. उलटा फिरवला की धारेत अडकलेला चुरा भोकाला रेघा पाडतो.  एक्झॉस्ट गाईड घट्ट राहिला तर दहा-पंधरा किलोमीटरवर इंजिन अचानक दम सोडतं, थांबून थंड झालं की काहीच झालं नाही अशा थाटात सुरू होतं. लोक कॉइल बदलतात, कंडेन्सर बदलतात, कार्बुरेटर धुतात. आत मात्र व्हॉल्व्ह तापून गाईडमध्ये अडकलेला असतो. तसंच रेटलं तर पुशरॉड वाकतो.

गाईड बदलला की सीट कापावीच लागते, कारण नव्या गाईडचा मध्य जुन्या सीटच्या मध्याशी जुळत नाही. ही पायरी गाळली की किट 'फेल' ठरतो, आणि दोष किटच्या माथी जातो. व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून तासभर घासणं हा त्यावर इलाज नाही. पायलट (कटरला मध्यावर धरणारी दांडी) गाईडमध्ये बसवून ४५ अंशांच्या कटरने सीट कापायची, मग ३० आणि ६० अंशांच्या कटरने वरून-खालून तासून रुंदी सुमारे १.५ मिमीवर आणायची. एक्झॉस्टला किंचित जास्त चालते, कारण व्हॉल्व्हची बरीच उष्णता सीटमधूनच जाते. सीट सुरीच्या धारेसारखी बारीक केली तर सुरुवातीला कॉम्प्रेशन झकास मिळतं आणि काही हजार किलोमीटरमध्ये व्हॉल्व्ह जळतो.

तपासणी शिसपेन्सिलने होते. सीटवर आडव्या रेघा मारा, व्हॉल्व्ह टेकवून पाव वळण द्या. सगळ्या रेघा तुटल्या पाहिजेत. एकीकडच्या तुटल्या, दुसरीकडच्या शाबूत राहिल्या तर सीट अजून मध्यावर नाही. त्यानंतर बारीक पेस्टने हलकं घासणं पुरे. दर थोड्या वेळाने व्हॉल्व्ह उचलून जागा बदलायची, म्हणजे एकाच ठिकाणी खोबण पडत नाही. व्हॉल्व्हच्या फेसवर खोलगट पट्टा दिसायला लागला तर थांबा. काही किटांत येणारी पेस्ट फार जाड असते, तिला हात लावू नका. काम झाल्यावर रॉकेलने आणि मग गरम साबणाच्या पाण्याने हेड धुवायचं, गाईडमधून ब्रश घालून. गाईडमध्ये राहिलेली पेस्ट नवा गाईड आतून खाते. शेवटी स्प्रिंगा लावून पोर्टमध्ये रॉकेल भरा आणि पाच मिनिटं थांबा. कम्बशन चेंबरच्या बाजूला ओल आली तर पुन्हा सीटपाशी.

भारतात २००० पासून फक्त शिशाविना पेट्रोल मिळतं, म्हणून जुन्या सीट बदलायलाच हव्यात असं सांगून पैसे काढणारे असतात. ५०-६० च्या वेगाने फिरणाऱ्या ३५० ला तेवढ्यासाठी नवी सीट बसवण्याची गरज नाही. सीट ढिली झाली असेल किंवा व्हॉल्व्ह खूप खोल गेला असेल तरच बदला. इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा मुद्दा मात्र खरा आहे. तेच जेट (कार्बुरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) ठेवले तर मिश्रण पातळ होतं. मेन जेट एक नंबर मोठा लावून प्लगचा रंग पाहावा. इग्निशन मागे पडलं असेल तरी एक्झॉस्ट तापतो, म्हणून पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी करून टायमिंग नव्याने लावा.

सीट कापल्यावर व्हॉल्व्ह जितका आत जातो तितकी दांडी वर येते, आणि तेवढीच स्प्रिंग सैल बसते. तेवढ्या जाडीची शिम (पातळ चकती) स्प्रिंगखाली घाला. किटच्या स्प्रिंगांबद्दल तक्रार एकच: जोडीतल्या दोन सारख्या नसतात. शेजारी उभ्या करून उंची बघा, मग एकामागे एक वजनकाट्यावर सारख्याच उंचीपर्यंत दाबून किती भार लागतो ते लिहून ठेवा. फरक जास्त असेल तर परत करा. 'रेसिंग' म्हणून विकल्या जाणाऱ्या कडक स्प्रिंगा या इंजिनात घालू नयेत. ५६२५ आरपीएमला १८ बीएचपी देणाऱ्या इंजिनात व्हॉल्व्ह तरंगण्याचा (जास्त वेगात वेळेवर बंद न होण्याचा) प्रश्नच येत नाही. जादा ताणाने फक्त कॅम आणि टॅपेटचे पाय झिजतात. पूर्ण लिफ्टला (व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर) स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये मिळून किमान १ मिमी जागा उरायला हवी.

कॉलेटचे दोन अर्धे दांडीवर बसले की त्यांच्यात थोडी फट दिसली पाहिजे. फट नसेल तर ते एकमेकांना भिडतात, दांडी पकडत नाहीत, आणि व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडू शकतो. किटमधल्या कॉलेटमध्ये हा दोष दिसला तर जुन्याच वापरा.

जोडताना रॉकर ब्लॉक आणि त्याची टोपी यांची अदलाबदल नको, त्या जोडीनेच बनतात. नट आवळल्यावर रॉकर हाताने मोकळा हलतो का ते पाहा. हेडकडे येणाऱ्या बाहेरच्या ऑइल पाइपमध्ये आणि त्याच्या बँजोत (टोकाच्या भोकाच्या जोडणीत) सीलंट गेलेलं नसावं; तिथलं भोक बुजलं तर नवा रॉकर कोरडाच झिजतो. टॅपेट थंड इंजिनवर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर असताना लावायचा: पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरावा, पण वर-खाली अजिबात हलू नये. पहिल्यांदा तापून पूर्ण थंड झाल्यावर आणि पुन्हा २०० किलोमीटरनंतर बघा. नव्या सीटवर व्हॉल्व्ह थोडा बसतो, पुशरॉड आवळतो. टॅपेटचा आवाज अजिबात येत नाही म्हणून खूश होऊ नका. पुशरॉड फिरतो का ते झाकण उघडून पाहा.