स्मार्ट होमचा हब: केबलने जोडावा की वाय-फायने?

हब म्हणजे घरातले स्मार्ट दिवे, सेन्सर वगैरे एकत्र जोडणारी छोटी पेटी; ती राउटरला जोडावी लागते. वाय-फायवरचा हब घराच्या मधोमध, सॉकेट असेल तिथे ठेवता येतो; ॲपमध्ये पासवर्ड टाकला की झालं. पण राउटरचा पासवर्ड बदलला की जोडणी पुन्हा करावी लागते. इथरनेट केबलला ही कटकट नाही, म्हणून माझा कौल केबललाच. मात्र केबल आखूड आहे म्हणून हब राउटरला खेटून ठेवू नका. झिगबी (हब आणि सेन्सर एकमेकांशी ज्यावरून बोलतात ती कमी ताकदीची बिनतारी पद्धत) आणि बरंचसं वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झ या एकाच रेडिओ पट्ट्यात चालतं. राउटरच्या जोरापुढे झिगबीचा क्षीण सिग्नल दबतो आणि लांबच्या खोलीतला सेन्सर अधूनमधून गायब होतो. इथरनेट १०० मीटरपर्यंत चालतं, तेव्हा लांब केबल घ्या आणि हब दोन-तीन मीटर दूर, उघड्यावर ठेवा. लोखंडी कपाटात तर नकोच. केबल ओढायला जागाच नसेल, तर वाय-फाय चालेल.