लॉगमधल्या वेळेचा एकच साचा: आठ महिने वापरून

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपचे संगणक मी सांभाळतो. चार लिनक्स मशीन, दोन पायथन प्रोग्रॅम, आणि लॉगमध्ये (मशीन नि प्रोग्रॅम आपल्या घडामोडी ओळीओळीनं लिहितात त्या फायलीत) वेळ लिहायच्या तीन तऱ्हा. एकात ०३/०६: जूनची ३ की मार्चची ६, देव जाणे. सिस्लॉगच्या (लिनक्सच्या नेहमीच्या लॉग-पद्धतीच्या) जुन्या साच्यात साल नाही, टाइमझोन नाही. म्हणून सगळीकडे आरएफसी ३३३९ हा तारीख-वेळ लिहायचा प्रमाण साचा लावला: २०२५-०६-०३टी०८:००:००.०००+०५:३०. लिनक्सवर लॉग लिहिणाऱ्या आरसिस्लॉग प्रोग्रॅममध्ये काम सोपं होतं. त्याच्या सेटिंगमधली जुना साचा सांगणारी ओळ काढली की तो आपणहून असंच लिहितो.

पण आधी मी शहाणपणा केला आणि सगळं यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत ठेवलं. तिसऱ्याच दिवशी फोरमन अण्णा प्रिंट घेऊन आले. "अहो, मशीन रात्री अडीचला बंद पडलं म्हणताय, मी सकाळी आठला पडताना बघितलंय की!" पहाटे साडेपाचच्या आतल्या ओळींवर तर आदल्या दिवसाची तारीख. (नाइट शिफ्ट बरीचशी एकाच तारखेत यायची, तेवढाच फायदा.) शेवटी +०५:३० वर आलो. आपल्याकडे टाइमझोन एकच, उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायची भानगडही नाही. परदेशात सर्व्हर असतील त्यांनी मात्र यूटीसीच धरावं.

अट एकच, ऑफसेट (वेळेच्या शेवटी लिहिलेला यूटीसीपासूनचा फरक) सगळीकडे सारखा हवा. भाड्याच्या सर्व्हरवरचा एक प्रोग्रॅम यूटीसीतच राहिला होता. साधं सॉर्ट मारलं (ओळी नुसत्या अक्षरक्रमानं लावल्या) की त्याच्या ओळी साडेपाच तास वर जाऊन बसायच्या. अख्खी दुपार गेली त्यात.

पायथनची खोड आणखी छुपी. मायक्रोसेकंद नेमके शून्य आले की वेळ मजकुरात लिहून देणारं त्याचं आयसोफॉरमॅट फंक्शन सेकंदाचा अपूर्णांकच गाळतं. दहा लाखांत एखादी ओळ आखूड येते आणि अक्षरं मोजून कापणारी आमची स्क्रिप्ट तिथंच अडते. त्याच फंक्शनच्या टाइमस्पेक या पर्यायात मिलिसेकंद सांगितले, तेव्हा थांबलं.

साच्यानं घड्याळ मात्र सुधारत नाही. एका जुन्या मशीनच्या बोर्डवरचा सेल संपला होता. पावसात लाइट गेली, परत आली, आणि लॉगमध्ये सुबक साच्यात भलतंच साल. सेल बदलला, नेटवरून वेळ विचारून घड्याळ लावणारं क्रोनी बसवलं. तरी लाइट आल्यावर राउटर उठेपर्यंत क्रोनीला वेळ विचारायला कुणी नसतं, म्हणून सुरुवातीच्या त्या ओळी मी अजून डोळ्यांनीच तपासतो.