पॉवर विंडोच्या कामाला डीसी क्लॅम्प मीटर: दिवाळीपासून वापरतोय, त्याचा अनुभव

दिवाळीत घेतलेला हा क्लॅम्प मीटर (वायर न तोडता तिच्याभोवती चिमटा लावून करंट मोजतो तो) आता पावसाळा लागेपर्यंत वापरून झाला, थंडी पण पाहिली त्याने आणि भुसावळचा मे महिना पण, म्हणून आता लिहायला हरकत नाही. घेतला तो गाड्यांच्या काचांच्या फॉल्टसाठीच. घरची गाडी जुनी, नातेवाइकांच्या गाड्या त्याहून जुन्या, आणि आपल्याकडची धूळ रबरात बसली की दर उन्हाळ्यात कुणाची ना कुणाची काच अडकतेच.

घेताना पहिली गोष्ट ही बघा की त्यावर डीसी अँपिअर मोजता येतो का. बाजारात स्वस्तात मिळणारे बरेच क्लॅम्प फक्त एसीचे असतात, घरच्या लाइटला ठीक, गाडीत काही कामाचे नाहीत. डीसीला हॉल सेन्सरवाला (चुंबकीय क्षेत्र ओळखणारा सेन्सर) लागतो, मला तो तीन हजारांच्या आत मिळाला. साध्या मल्टिमीटरची १० अँपिअरची रेंज काचेच्या मोटरला लावू नका भो, कारण काच चालताना मोटर ४-६ अँपिअर घेते पण वर जाऊन टेकली की अडते आणि क्षणभर १५-२० पर्यंत जाते, मग मीटरचा फ्यूज जातो नाहीतर मीटरच.

मला यात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे डोअर पॅड (दाराचं आतलं कव्हर) न खोलता अर्धं निदान होतं. इंजिन बंद, चावी ऑन, बॅटरीच्या निगेटिव्ह केबलला क्लॅम्प लावायचा, आकडा बघून ठेवायचा आणि कुणाला तरी काचेचं बटण दाबायला सांगायचं (पुढचे आकडे म्हणजे त्याच्यावर झालेली वाढ). आकडा जागचा हललाच नाही तर सर्किट कुठेतरी तुटलंय: फ्यूज, स्विच, वायर, किंवा मोटरचे ब्रश. आकडा एकदम १५ च्या वर गेला पण काच हलत नाही तर मोटरला करंट पुरेपूर मिळतोय आणि काच जाम आहे, तिथे वायरिंग उसवत बसू नका, काच ज्या खाचेत सरकते त्या चॅनेलचं रबर साफ करा, सिलिकॉन स्प्रे मारा. मोटरचा आवाज येतो, आकडा नेहमीपेक्षा कमी आणि काच ढिम्म, तर काच मशीनची (काच वर-खाली ओढणाऱ्या यंत्रणेची) केबल तुटलेली असते बहुतेक. आणि आवाज नाही, काच हलत नाही, आकडा तीन-चारवरच अडकतो, तो फॉल्ट सगळ्यात फसवा.

तसाच एक पारोळ्याच्या मामांच्या गाडीत निघाला. मामा म्हणे, "काच खाले जास, पन वर येत नही." वायरिंगवाल्याने स्विचचं कनेक्टर काढून मीटर लावला, बारा व्होल्ट पुरे आले, म्हणून त्याने मोटर बदलायला सांगितली. आता साध्या पॉवर विंडोत मोटरला दोनच वायरी असतात, बटण दाबलं की एकीला प्लस आणि दुसरीला अर्थ, उलटं दाबलं की तेच उलट, म्हणजे काच खाली जात असेल तर मोटर आणि तिच्या दोन्ही वायरी पार मेलेल्या तर नाहीतच. राहिलं काय? स्विचचा वरचा कॉन्टॅक्ट, नाहीतर लोडवर सप्लाय बसतोय (मोटर करंट ओढायला लागली की व्होल्टेज पडतं), कारण काच खाली यायला फार जोर लागत नाही पण वर चढायला लागतो. क्लॅम्पवर आकडा चारच्या आसपास. मग कनेक्टर जागेवर जोडलेलंच ठेवून, 'वर' बटण दाबलेलं असताना मोटरवर व्होल्टेज बघितलं तर जेमतेम चार! कनेक्टर काढून बघितलेले बारा व्होल्ट खरे होते, पण ते रिकाम्या वायरीचे होते. मीटर स्वतः करंट ओढतच नाही जवळपास, त्यामुळे वायरीत एक तार जरी शिल्लक असली तरी तो बारा दाखवणारच.

दार आणि खांबाच्या मधे जो रबरी बूट असतो त्याच्या अलीकडे बारा, पलीकडे चार. दार रोज उघडून-मिटून त्याच वळणावर वायर आतून तुटते, वरचं प्लास्टिक मात्र शाबूत दिसतं. बूट मागे सरकवला तर वायर हाताला गरम लागत होती, प्लास्टिक सोललं तर आत हिरवी पूड. नवीन तुकडा सोल्डर करून, स्लीव्ह घालून, जोड वळणापासून लांब घेतला (वळणावर जोड ठेवला तर तो परत तुटतो). काच चालली, मोटर जुनीच आहे अजून.

हे सगळं क्लॅम्पशिवाय होतं का? बऱ्यापैकी होतं, हे मी प्रामाणिकपणे सांगेन. १२ व्होल्टचा २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब होल्डरमधे घालून दोन वायरी आणि मगरी क्लिपा लावा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणजे वायरीवर खरोखरचा लोड पडतो, सप्लाय चांगला तर लख्ख पेटतो, मधे खराबी असेल तर पिवळट. तो चालू ठेवून वायर बुटाजवळ हलवा, लुकलुकला की जागा सापडली. हा बल्ब एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला आणि कंट्रोल मॉड्यूलच्या (गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक डब्याच्या) वायरींना चुकूनही लावू नका.

आता मीटरचे दोष. सेन्सर गरम झाला की झीरो सरकतो (करंट नसतानाही आकडा दाखवतो), मे मधे दर मापाआधी झीरोचं बटण दाबावं लागायचं, आणि तेही क्लॅम्प ज्या जागी धरणार तिथेच धरून. मॅन्युअलमधे ० ते ४० अंश लिहिलंय, आपल्याकडे ४० तर सावलीत होतात! डॅशबोर्डवर उन्हात राहिला तर डिस्प्ले काळा पडतो, सावलीत आणला की परत येतो. व्होल्टेज मोजायच्या लीड (वायरी) कडक आहेत आणि टोकं जाड, कनेक्टरच्या मागून घालायला सुईसारख्या पिना वेगळ्या घ्याव्या लागल्या. ऑटो ऑफ मधेच बंद होतो ते वैताग आणतं, विशेषतः दारात वाकून बसलेलं असताना.

नवीन गाडी असेल, एका झटक्यात वर जाणारी आणि हात आला की थांबणारी काच, तर तिथे स्विच मोटरला थेट करंट देत नाही, मॉड्यूलला फक्त सिग्नल देतो, त्यामुळे वरची दोन वायरींची पद्धत जशीच्या तशी लावू नका. अशा बऱ्याच गाड्यांत बॅटरी काढून लावली की काच पूर्ण वर नेऊन बटण थोडा वेळ धरून ठेवावं लागतं, नाहीतर ऑटो चालत नाही आणि लोक उगाच स्विच बदलतात. तुमच्या गाडीची पद्धत मॅन्युअलमधे बघून घ्या.